लिस्बनला फिरायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम झाल्यावर दोन दिवस उरले तर लिस्बन, अशी आपल्याकडच्या युरोप सहलींची पद्धत आहे. हा त्या शहरावर अन्याय आहे. गोवा, वसई, चौल, मुंबई ज्यांना घरची वाटतात त्यांनी तर तो मुळीच करू नये. आपल्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षं जे घडलं, त्याचे हुकूम याच शहरातून सुटत होते. खालचे प्रश्न नातेवाईक, मित्र आणि सोसायटीतले शेजारी नेहमी विचारतात. दर आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणाचं अधिकृत संकेतस्थळ एकदा बघून घ्या.

किती दिवस ठेवावेत?

चार पूर्ण दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस यात धरू नका. एक दिवस सखल भागातलं जुनं बाजारपेठेचं शहर म्हणजे बायशा आणि त्याला लागून असलेलं शियादु. एक दिवस टेकडीवरचा सांव जॉर्ज किल्ला आणि त्याच्या उतारावरची जुनी वस्ती अल्फामा. एक दिवस नदीकाठचं बेलेम. एक दिवस जवळचं राजवाड्यांचं गाव सिंत्रा. पाचवा दिवस मिळाला तर पेनिशला जा. त्याबद्दल खाली लिहिलं आहे आणि ते माझ्या मते मराठी माणसाने टाळू नये.

दिवस आखताना शहर टेकड्यांवर आहे हे डोक्यात ठेवा. नकाशावर दोन ठिकाणं पाचशे मीटरवर दिसतात, प्रत्यक्षात मध्ये दीडशे पायऱ्या असतात. एका दिवशी एकच टेकडी, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी दमछाक वाचते.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि गर्दीही तितकीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे महिने. बर्फ पडत नाही, पण घरं आतून गार असतात, तेव्हा स्वेटर जवळ हवाच.

दोन तारखा खास आहेत. २५ एप्रिलला कार्नेशन क्रांतीचा दिवस पाळतात. १९७४ साली याच दिवशी सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी जवळजवळ अर्धशतक चाललेली हुकूमशाही उलथवली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांमध्ये कार्नेशनची फुलं खोवली. आजही त्या दिवशी अवेनिदा द लिबर्दाद या मोठ्या रस्त्यावर हातात लाल फूल घेतलेले लोक मोर्चाने चालतात. दुसरी तारीख १२ जूनची रात्र, सांत आंतोनियोचा उत्सव. गल्लोगल्ली निखाऱ्यांवर तारली भाजतात, पताका लागतात, आणि आपल्या तुळशीच्या कुळातल्या एका बारीक पानांच्या रोपाची कुंडी, त्यात खोचलेल्या प्रेमाच्या चार ओळींसह, भेट देतात. या दोन्ही वेळी हॉटेलं महाग होतात, खोली बरीच आधी धरा.

व्हिसा कसा आणि कधी?

पोर्तुगाल शेंगेन गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने आधी हालचाल करा, कारण खरी अडचण निर्णयाची नसते, अर्ज केंद्रातली वेळ मिळण्याची असते. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा, दहा वर्षांच्या आत काढलेला असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

सहलीत अनेक देश असतील तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार तिथे. हॉटेल आरक्षणं आणि अर्जातल्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: मधली एक रात्र कुठल्याच शहरात नसते.

२०२४ पासून भारतीयांसाठी एक सवलत आली आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो. जुने पासपोर्ट म्हणूनच सांभाळून ठेवा आणि अर्जाला त्यांच्या प्रती जोडा.

मुंबई-पुण्याहून कसं जायचं?

आखाती देश, इस्तंबूल किंवा युरोपातलं एखादं मोठं शहर अशा एका थांब्याने. विमान युरोपात दुसरीकडे बदलत असाल तर पासपोर्ट तपासणी त्या पहिल्या शहरात होते. पुढच्या विमानाला दीड तासापेक्षा कमी वेळ असेल तर ते तिकीट स्वस्त असलं तरी घेऊ नका.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. लाल मेट्रो थेट तिथून सुटते. चौघे जण, चार बॅगा असतील तर ॲपवरची टॅक्सी बरी. वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच तास. तिथलं घड्याळ मागे.

राहायचं कुठे?

पहिल्यांदाच जात असाल तर बायशा, रोस्सिउ किंवा अवेनिदा द लिबर्दादच्या आसपास. थोडं शांत, सपाट आणि खिशाला बरं हवं असेल तर साल्दान्या भाग. मेट्रो जवळ आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत जुन्या शहरात पोहोचता.

अल्फामातल्या घरांचे फोटो पाहून मोह होतो. तिथे फिरायला जाच, पण बॅगा घेऊन राहायला जाताना विचार करा. बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरत नाही, इमारतींना लिफ्ट नसते आणि चौथ्या मजल्यावरचा लाकडी जिना शिडीइतका उभा असतो. आरक्षणाआधी लिफ्ट आहे का आणि दारापर्यंत गाडी येते का, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्या.

शहराचा पर्यटक कर १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला रात्री ४ युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्रींचा. तो बहुधा हॉटेलातच भरावा लागतो.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, पण आखणी त्यांच्या गुडघ्यांची करा, तुमच्या नाही.

पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे आहेत. काळ्या दगडांनी त्यात लाटा, जहाजं, वेलबुट्टी काढलेली असते. बघायला फार सुंदर, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते गुळगुळीत झालेत आणि पावसाची एक सर आली की निसरडे होतात. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूटच हवेत. नवे कोरे बूट नकोत, इथे महिनाभर वापरलेले न्या.

किल्ल्याकडे चढण्यासाठी दोन मोफत सार्वजनिक लिफ्ट आहेत आणि त्या फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असतात. पहिली बायशातल्या रुआ दुश फांकैरुशवरच्या एका साध्या इमारतीत आहे. ती तुम्हाला वरच्या रुआ दा मादालेनावर सोडते. तिथून जरा पुढे शाउं दु लोरैरु या जुन्या मंडईच्या जागेवर झालेल्या वाहनतळात दुसरी. तिच्या वरून शहराच्या लाल कौलांचा छान देखावा दिसतो. तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत थोडा चढ उरतो, तो बसत-उठत होतो.

सांता जुस्ताची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट बघण्यासारखी आहे. तिच्यात बसायला तास-तास रांग असते. शियादुकडून कार्मु चौकात गेलात की मागच्या बाजूने तिच्या वरच्या पुलावर पोहोचता येतं, रांगेशिवाय.

उतारावरच्या दोरीच्या ट्रामबद्दल एक गंभीर गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावरचा डबा सुटून अपघात झाला आणि १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरातल्या अशा गाड्या तपासणीसाठी बंद ठेवल्या गेल्या. तुम्ही जाल तेव्हा काय चालू आहे ते बघा आणि दिवसाची आखणी त्यांच्या भरवशावर करू नका.

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम घ्यायलाच हवी का?

घ्यावी, पण सकाळी आठच्या आत. मार्तिम मोनिझ चौकातून ती सुटते आणि तिथेच सगळे रांग लावतात. उलटं करा. दुसऱ्या टोकाला, कांपु द औरिकला प्राझेरेश स्मशानाच्या दारापाशी बसा. तिथे खिडकीची जागा मिळते.

डबा लाकडी, जेमतेम एका खोलीएवढा, १९३० च्या दशकातल्या घडणीचा. चालक हँडल फिरवत असतो. अल्फामात गल्ली इतकी अरुंद होते की खिडकीतून हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल. बाजूच्या दारात उभी असलेली बाई ट्राम जाईपर्यंत अंग चोरून घेते आणि मग पुन्हा बोलायला लागते. हे सगळं उभ्याने, चाळीस माणसांच्या काखेखालून दिसत नाही, म्हणून सकाळ.

खिसेकापूंची आवडती जागाही हीच ट्राम. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका.

रोजच्या प्रवासासाठी कोणतं तिकीट घ्यावं?

मेट्रो स्टेशनवरच्या यंत्रातून 'नावेगांत' हे अर्ध्या युरोचं कार्ड घ्या. माणशी एक लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यावर २४ तासांचा पास साधारण ७ युरोंना मिळतो. मेट्रो, बस, ट्राम सगळ्यांत चालतो. थोडंच फिरणार असाल तर कार्डात पैसे भरून ठेवा, प्रत्येक फेरीचे कापले जातात. चालकाकडे रोख तिकीट काढणं खूपच महाग पडतं.

'लिश्बोआ कार्ड' २४, ४८ किंवा ७२ तासांचं असतं. त्यात वाहतूक आणि बऱ्याच संग्रहालयांचा प्रवेश येतो, सिंत्रा आणि कश्काईशची रेल्वेही येते. बेलेम आणि सिंत्रा लागोपाठच्या दिवशी ठेवलंत तर ते वसूल होतं. नुसतं भटकणाऱ्याला त्याची गरज नाही.

बेलेमला नेमकं काय बघायचं?

सोमवारी जाऊ नका, हे पहिलं. जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, इतर बरीच संग्रहालयंही.

मठाचं काम राजा मानुएलने १५०१ साली सुरू केलं आणि त्याचा मोठा खर्च पूर्वेकडच्या मसाल्यांवर बसवलेल्या करातून भागला. आपल्या मिऱ्याचा पैसा या दगडांत आहे हे जाणून आत गेलात तर बघण्याची नजरच बदलते. खांबांवर दोरखंड, समुद्री शेवाळ, प्रवाळ, खलाशांची उपकरणं, सगळं दगडात कोरलं आहे. मठाच्या आतल्या अंगणाला तिकीट आहे, चर्चला नाही, आणि दोन्हींच्या रांगा वेगळ्या आहेत. लोक चर्चसाठी तिकिटाच्या रांगेत तासभर उभे राहतात. दारावरच्या माणसाला विचारून मगच उभे राहा.

चर्चच्या पश्चिम दारातून शिरल्यावर लगेच डावीकडे वास्को द गामाची कबर आणि उजवीकडे त्याच्या सफरीचं महाकाव्य लिहिणारा कवी कामोंइश याची. वास्को १५२४ साली कोचीनला वारला. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले आणि १८८० साली इथे आणले. दगडी पुतळा हात जोडून पहुडलेला आहे, खाली जहाज कोरलं आहे. शाळेत '१४९८, कालिकत' असं पाठ केलेल्या माणसासमोर आपण उभे असतो. याच वास्कोने दुसऱ्या सफरीत हज यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, हेही लक्षात असू द्यावं. मुलं सोबत असतील तर दोन्ही गोष्टी त्यांना सांगा.

मठासमोर नदीकाठी ५२ मीटर उंचीचं दर्यावर्दींचं स्मारक आहे. ते दिसतं तितकं जुनं नाही, १९६० चं आहे; साम्राज्य हातून निसटू लागलेलं असताना हुकूमशाही राजवटीने उभारलेलं. पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला.

मठाजवळच्या दुकानात १८३७ पासून पाश्तेल विकतात, म्हणजे कुरकुरीत पापुद्र्यांच्या वाटीत भाजलेलं अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड. बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांच्या खोल्यांमागे खोल्या आहेत, तिथे टेबल बहुधा लवकर मिळतं. गरम असतानाच वरून दालचिनी भुरभुरून खा.

बेलेमच्या बुरुजावर गेंडा आहे म्हणतात, तो कुठे?

हा प्रश्न विचारणारा क्वचित भेटतो आणि भेटला की आनंद होतो. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसु द आल्बुकेर्कला एक गेंडा दिला. त्याने तो गोव्याहून जहाजात घातला आणि मे १५१५ मध्ये तो जिवंत लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला तो पहिलाच गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली; हत्ती पळून गेला असं त्या काळच्या नोंदी सांगतात. मग तो पोपला भेट म्हणून धाडला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला तो प्राणीही गेला. त्याचं वर्णन आणि एक रेखाटन यांवरून जर्मन चित्रकार ड्यूररने गेंडा न पाहताच जे चित्र काढलं, ते युरोपात पुढची दोनेकशे वर्षं गेंड्याचं प्रमाण चित्र मानलं गेलं.

तेव्हा हा बुरूज बांधला जात होता. त्याच्या एका कोपऱ्यातल्या छोट्या टेहळणी बुरुजाच्या तळाशी त्या गेंड्याचं डोकं कोरलं आहे. खाऱ्या वाऱ्याने झिजून ते आता ओबडधोबड दगडासारखं दिसतं, शिंगाचा भाग जवळजवळ गेलाच आहे. मोबाइलवर झूम करा किंवा छोटी दुर्बीण न्या. बुरुजाची अधूनमधून दुरुस्ती चालते, आत प्रवेश आहे का ते आधी पाहा.

मुंबई आंदणात नेणाऱ्या राजकन्येची कबर लिस्बनमध्ये आहे का?

आहे. ब्रागांझाची कॅथरीन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार १६६१ चा; त्यात मुंबई इंग्रजांना गेली आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंडांच्या भाड्याने कंपनीला दिली. नवरा गेल्यावर काही वर्षांनी कॅथरीन लिस्बनला परतली आणि १७०५ साली वारली. सांव विसेंत द फोरा मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या कबरी ओळीने मांडल्या आहेत, तिथे तिचीही आहे. बहुतेक भारतीय पर्यटक या मठाकडे वळतच नाहीत. मुंबईकराने तरी वळावं.

मठाच्या आवारातल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर गोष्टी चितारल्या आहेत, गच्चीवरून तेजु नदीचं विशाल पात्र दिसतं आणि गर्दी नसते. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मागच्या मैदानात जुना बाजार भरलेला असतो.

जुनं शहर इतकं सरळ रेषेत आखलेलं कसं?

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपामुळे. सर्व संतांच्या सणाची सकाळ होती, लोक चर्चमध्ये होते, देव्हाऱ्यांत मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धरणीकंप, मग नदीतून आलेली त्सुनामी, मग अनेक दिवस चाललेली आग. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं ग्रंथालय आणि भारताचा व्यापार चालवणारं 'कासा दा इंडिया' हे कार्यालय कागदपत्रांसह नष्ट झालं.

पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने बायशा चौकोनी आखणीत पुन्हा उभी केली. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, हादऱ्यात वाकेल पण कोसळणार नाही असा. भूकंप डोळ्यांनी बघायचा असेल तर कार्मु मठात जा. छत कोसळलं ते तसंच ठेवलंय. उभ्या कमानींच्या मधून थेट आकाश दिसतं. त्याच चौकात १९७४ च्या एप्रिलमध्ये हुकूमशहा सालाझारचा वारस कायतानु शरण आला.

रोस्सिउजवळच्या सांव दोमिंगुश चर्चमध्येही पाच मिनिटं जा. १९५९ च्या आगीत खांबांचे टवके उडाले, दगड लालसर भाजले. डागडुजी करताना ते मुद्दाम तसेच राखले. दारासमोर १५०६ साली इथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे.

गोवा मुक्तिसंग्रामाशी जोडलेली जागा बघता येईल का?

येईल. हा प्रश्न जास्त लोकांनी विचारावा अशी माझी इच्छा आहे.

लिस्बनच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर पेनिश नावाचं मासेमारीचं गाव आहे. समुद्रात घुसलेल्या खडकावर तिथला किल्ला. सालाझारच्या राजवटीत १९३४ पासून १९७४ पर्यंत तो राजकैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सत्याग्रहाची हाक दिली. त्यानंतर गोव्यात धरपकड झाली, लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या आणि त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना घरापासून हजारो मैलांवर या किल्ल्यात आणून कोंडलं. कुन्हा सुटल्यावरही त्यांना पोर्तुगाल सोडू दिलं नाही. १९५३ साली ते निसटून पॅरिसला पोहोचले आणि तिथून मुंबईला. गोवा मुक्त झालेला पाहायला ते राहिले नाहीत, १९५८ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

किल्ला आता राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०२४ च्या एप्रिलमध्ये पूर्ण रूपात खुला झाला. कोठड्या, भेटीची खोली, मधली काच सगळं बघता येतं. बाहेर अटलांटिक सतत आदळत असतो. खिडकीच्या गजांशी उभं राहिलं की पणजीच्या मांडवीकाठच्या माणसाला हा थंड, करडा समुद्र कसा वाटला असेल याचा विचार मनातून जात नाही. लिस्बनहून थेट बस आहे, दीड-दोन तास लागतात.

पेनिशला जमत नसेल तर लिस्बनमध्येच मोठ्या चर्चजवळ आल्जुब संग्रहालय आहे. तोही राजकैद्यांचा तुरुंगच होता आणि त्यात वसाहतींमधल्या लढ्यांची माहिती मांडली आहे. गोव्यातली कोरीव फर्निचरं आणि हस्तिदंती मूर्ती बघायच्या असतील तर आल्कांतरा भागातलं पूर्वेकडच्या कलांचं 'ओरिएंत' संग्रहालय गाठा. सुकट कॉड साठवण्याच्या जुन्या गोदामात ते २००८ साली उघडलं.

सिंत्रा एका दिवसात होतं का?

दोन ठिकाणं होतात, चार नाही. रोस्सिउ स्टेशनवरून रेल्वे, सुमारे चाळीस मिनिटं. पिवळ्या-लाल रंगाचा पेना राजवाडा आणि किंता दा रेगालैराची ती जमिनीत फिरत उतरणारी विहीर, एवढं ठेवा. पेनाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. मध्ये अर्ध्या तासाची चढण आहे. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. सकाळची पहिली वेळ घ्या. डोंगरावर धुकं असतं, लिस्बनमध्ये ऊन असलं तरी जॅकेट न्या.

युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, काबु दा रोका, तिथून बसने जवळ आहे. सिंत्रा दुपारपर्यंत आटोपलं तरच जा.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खावं लागेल. पोर्तुगीज जेवण मासे आणि डुकराच्या मांसाभोवती फिरतं. बटाटा आणि कोबीसारख्या हिरव्या पाल्याचं 'काल्दु वेर्द' सूप शाकाहारी दिसतं, त्यात सॉसेजची चकती असते. नुसता भात मागवला तरी तो कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवलेला निघतो. 'सें कार्न, सें पैश', म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन शब्दसमूह पाठ करा. पाव, चीज, ऑलिव्ह, भाज्यांचं सूप आणि फळं सगळीकडे उत्तम मिळतात. पाश्तेलमध्ये अंडं असतंच. पापुद्र्यात लोणी की चरबी, हे कडक शाकाहारींनी विचारून घ्यावं.

डाळ-भाताची आठवण आली तर मार्तिम मोनिझ मेट्रोबाहेर या. आजूबाजूला भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आणि खानावळी आहेत. हिंग, पोहे, तूरडाळही मिळते. लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे. मोझांबिकहून १९७० च्या दशकात आलेल्या गुजराती कुटुंबांनी इथला हिंदू समाज उभा केला. मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं.

हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, त्यात कोणाला वाईट वाटत नाही.

फादो, म्हणजे लिस्बनचं पारंपरिक गाणं, कुठे ऐकावा?

अल्फामा किंवा मोरारियातल्या लहान जागी. मोठ्या जेवणावळीसह असलेले कार्यक्रम पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी असतात. लहान जागी वीस-पंचवीस माणसं, दिवे मंद होतात, बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू होते आणि बाई उभ्याने, डोळे मिटून, माइकशिवाय गाते. खासगी मैफलीत बसतो तसंच बसायचं: गाणं चालू असताना बोलायचं नाही, चमचा वाजवायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही. शब्द कळत नाहीत आणि त्याने काही अडत नाही. किमान किती युरोंचं मागवावं लागेल ते आधी विचारा आणि जागा धरून ठेवा.

शहर सुरक्षित आहे का? बायका एकट्या फिरू शकतात का?

हो. रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर वर्दळ असते. भुरट्या चोऱ्या मात्र होतात. रुआ औगुश्तावर कोणी कानाशी येऊन अमली पदार्थ देऊ करतो. उत्तर न देता चालत राहा. पासपोर्टची छायाप्रत जवळ, मूळ प्रत हॉटेलच्या तिजोरीत. तातडीचा क्रमांक ११२.

पैसे रोख न्यावेत की कार्ड?

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. पन्नास-शंभर युरो रोख लहान दुकानांसाठी ठेवा. पैसे काढायला बँकेचं 'मुल्तिबांकु' यंत्र वापरा. यंत्राने किंवा दुकानदाराने 'रुपयांत देऊ की युरोत' असं विचारलं तर नेहमी युरोच म्हणा, रुपयांचा दर तोट्याचा असतो. आपले दोन पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन पिनांसाठी ॲडॉप्टर लागतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

मुलं कंटाळतील का?

नाही. पार्क दश नासोंइशमधलं १९९८ सालचं मत्स्यालय त्यांना अर्धा दिवस पुरतं. कैश दु सोद्रेहून काशिल्याशला जाणारी प्रवासी बोट दहा मिनिटांत नदी ओलांडते, तिकीट बसएवढंच, आणि संध्याकाळी त्या काठावरून सगळं शहर सोनेरी दिसतं.

परतीच्या दिवशी किती आधी निघावं?

विमानाच्या तीन ते साडेतीन तास आधी विमानतळावर असा. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी युरोपची नवी नोंदणी ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि लिस्बनला पासपोर्ट तपासणीच्या रांगा त्यामुळे फार लांबल्या. करपरतावा घ्यायचा असेल तर त्या यंत्राकडे बॅग देण्याआधी जा; वस्तू दाखवायला सांगू शकतात. पाश्तेल विमानतळावरही मिळतात, पण आदल्या संध्याकाळी शहरातल्याच दुकानातून सहाचा डबा बांधून घ्या आणि हातातल्या पिशवीत आडवा ठेवा.